दाढ भरल्यावर तुम्हाला काय त्रास झाला? अनुभव लिहा

कीड लागली, तालुक्याला गेलो, डॉक्टरांनी कोरून सिमेंट भरलं, इथवर सगळ्यांचं सारखंच असतं. पुढचे पंधरा दिवस काय होतं ते मात्र आपल्या गावांत कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात मीच करते.

मी दिग्रसकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीआधी उजवीकडची खालची दाढ भरली. संध्याकाळी बधिरपणा उतरला, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी भाकरीचा पहिला घास चावला आणि कळ थेट कानात गेली. वाटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू. एकोणीस दिवस मी डावीकडूनच जेवले. शेजारच्या काकू रोज म्हणायच्या, "काढून टाक एकदाची."

शेवटी परत गेले. डॉक्टरांनी दातांमध्ये निळ्या कागदाची पट्टी धरली. "चावा. आता दात इकडून तिकडे घासा." मग आरशात दाखवलं. भरलेल्या जागेवर मोहरीएवढा गडद निळा ठिपका होता, बाकीच्या दाढांवर अगदी फिकट. सिमेंट तेवढंच उंच राहिलं होतं, आणि चावताना सगळा भार त्या एका ठिपक्यावर येत होता. भरताना जबडा बधिर असतो, त्यामुळे चावा नीट बसला की नाही ते आपल्याला कळत नाही. त्यांनी थोडं घासलं, परत कागद धरला, परत घासलं. पाच मिनिटांचं काम. दोन दिवसांत मी त्या बाजूने फुटाणे खाल्ले.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या गप्पच झाल्या. आठ वर्षांपूर्वी त्यांचीही दाढ भरल्यावर अशीच दुखत होती, फक्त चावताना. परत जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं, वर डॉक्टर रागावतील ही धास्ती. त्यांनी दाढ काढून घेतली. ती बहुतेक वाचली असती. मला त्याचं फार वाईट वाटतं.

अकोटकडून, शेतकरी
ताई, मले चावताना काही नव्हतं, पण थंडाची लय सळ. रातच्या लाईटीत हरभऱ्याले ओलित करून राहिलो होतो. तहान लागली म्हनून पाईपाचं पानी तोंडात घेतलं, अन् जागेवरच खाली बसलो. डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं का कीड खोल होती, दोन-तीन आठवडे सळकन. तसंच झालं. रोज थोडं थोडं कमी होत गेलं, महिन्याभरात पार बंद. आधी सांगतलं होतं म्हनून घाबरलो नाही.

वणीहून, तिसरीतल्या मुलाची आई
डॉक्टरांनी सांगितलं होतं की बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका. बसमध्ये पोरगं रडायला लागलं म्हणून मी बिस्किट दिलं. त्याने खालचा ओठ चावून चावून फोडला, त्याला कळलंच नाही. सकाळी ओठ सुजलेला, आत पांढरा चट्टा. मला वाटलं पू झाला. तो नुसता चावल्याचा घाव होता, आठवड्याभरात भरला. लहान मुलांच्या आयांनो, दोन-तीन तास लक्ष ठेवा.

ब्रह्मपुरी तालुका, वय २९
माझं सिमेंट दोनदा पडलं. पहिल्यांदा पाच महिन्यांत, दुसऱ्यांदा त्याहून लवकर. मी डॉक्टरला दोष देत फिरलो. खरं कारण माझ्या खिशात होतं. दिवसाला सात-आठ खर्रे. पन्नीत घोटलेली सुपारी तासन्‌तास त्याच दाढेखाली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी दाखवलं, सिमेंटच्या बाजूची दाताची भिंतच तडकली होती. त्याहून वाईट म्हणजे माझं तोंड तीन बोटं मावतील एवढंही उघडत नव्हतं, मागच्या दाढेपर्यंत मशीन जाईना. ते म्हणाले, "दाढेचं नंतर पाहू, हे आधी तपासायला पाहिजे." सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होते, आणि त्यातून पुढे कॅन्सरही होऊ शकतो. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. खर्रा सोडून चार महिने झाले. आमच्या गावात दहावीतली पोरं खातात हो, त्यांचं काय करायचं?

पुसदकडून, वहिनीचं लिहितो
पोळ्याच्या आसपास तिच्या दाढेत तात्पुरतं औषध भरलं, ते लवंगेच्या वासाचं असतं ना, तेच. पंधरा दिवसांनी पक्कं भरायला बोलावलं होतं. पण ठणका थांबला, आणि सोयाबीन सोंगायला आलं. मग कापसाची वेचणी. औषध झिजून कधी गेलं ते तिला समजलं पण नाही. संक्रांतीला जबडा सुजला, आत पू. दाताची नस मेली होती. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खेपा करून रूट कॅनल केलं, दाढ राहिली. दुखणं थांबलं म्हणजे काम झालं असं आम्ही समजलो, तिथंच चुकलो.

अचलपूर, निवृत्त
दोन दाढांच्या मध्ये भरलं, आणि तिथे फट राहिली. हुरड्याच्या दिवसांत जीव नकोसा झाला. प्रत्येक दाणा तिथेच जाऊन बसे. काडीने कोरून कोरून हिरडीतून रक्त यायचं, तोंडाला वास. पत्र्याची पातळ पट्टी लावून परत भरून घेतलं, तेव्हा सुटलो. काडी घालू नका, हिरडी आणखी खाली जाते.

यवतमाळ जिल्हा
आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराईड, दातांवर तपकिरी पट्टे. समोरच्या दाताला पांढरं सिमेंट भरलं ते वेगळं दिसायचं, मी हसताना पदर धरायचे. डॉक्टरांनी रंगांच्या नमुन्यांशी दात लावून पाहिला आणि वरचा थर बदलून दिला. त्रास नाही, पण मनाला लागतं, म्हणून लिहिलं.

तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणारा दंतवैद्य
सगळं वाचलं. आपण फक्त चावताना कळ आणि थंडाची सळ यांतला फरक लक्षात ठेवा. नुसतं चावताना दुखतं, तर बहुधा उंची राहिली आहे, दोन-तीन दिवसांत या, जास्त थांबू नका. थंडाने सळकतं आणि लगेच शमतं, रोज कमी होतं, तर वाट पाहायला हरकत नाही. पण आपोआप ठणकतं, रात्री झोपू देत नाही, गरम लागलं की वाढतं आणि बराच वेळ राहतं, तर आतली नस सुजली आहे. ती आपोआप बरी होत नाही. सूज आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना त्रास झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चांदी भरली असेल तर २४ तास त्या बाजूने चावू नका, तिला घट्ट व्हायला वेळ लागतो. निळ्या लाईटने पक्कं केलेलं पांढरं लगेच घट्ट होतं. आणि ॲस्पिरिनची गोळी कुटून हिरडीवर ठेवू नका, कातडी जळते. अशा जळलेल्या हिरड्या मी पाहतो.

परत आलेल्या माणसावर मी रागावत नाही. उंच राहिलेलं घासून देणं हे त्याच कामात धरलेलं असतं, आणि कागद लावल्याशिवाय ते मलाही दिसत नाही.

अकोटकडून, शेतकरी
डॉक्टरसाहेब, माह्या लहान्या भावाचं विचारतो. त्याची दाढ भरून बावीस दिवस झाले. मी त्याले म्हनलं माह्यावानीच सळकत असन, थांब. पन तो सांगते का चहा पेला का ठणका सुटते, अन् थंड पानी तोंडात धरलं का बरं वाटते. रातभर लोटा उशाशी घेऊन झोपते.

दंतवैद्य
भाऊ, हे तुमच्यासारखं नाही. थंड पाण्याने आराम पडतो ही नस सुजल्याची खूण आहे. बहुतेक रूट कॅनल लागेल, पण दाढ वाचू शकते. आता थांबू नका.

अकोटकडून, शेतकरी
वेचणीच्या बाया उद्याच्या सांगून ठेवल्या होत्या. बायकोले म्हनलं तू पाय वावरातलं. सकाळच्या साडेसहाच्या यष्टीनं त्याले घेऊन निघतो.