शाळेतल्या जुन्या पीसीवर चिमुकल्यांसाठी मोफत प्रणाली: नेट द्यायचं की वायरच काढायची?

खानापूर_लिनक्स
विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ज्यांवर बसत नाही असे पीसी आता कचेऱ्यांतून निघणार, म्हणजे सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी ते मागायची हीच वेळ. प्रश्न त्यावर काय बसवायचं हा.

माझं मत: पहिली ते चौथीच्या पीसीला नेट नकोच. फिल्टरही नको, वायरच नको. डेबियन १३ (मोफत लिनक्स प्रणाली), हलका एक्सएफसीई डेस्कटॉप, जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळांचा संच), टक्सपेंट (चित्रकला), टक्समॅथ (गणिताचा खेळ). ४ जीबी रॅम आणि १२० जीबी एसएसडी पुरते. कोअर टू ड्युओ जुना दिसला तरी ६४-बिटच असतो; उगाच ३२-बिट शोधत बसू नका, डेबियन १३ ला त्याचा इन्स्टॉलरच नाही.

मुलांचं खातं वेगळं, आपोआप लॉगिन होणारं, प्रशासकाचे अधिकार नसलेलं. जीकॉम्प्री किऑस्क मोडमध्ये लावा, म्हणजे बाहेर पडायचं आणि सेटिंगचं बटण दिसतच नाही. टक्सपेंटमध्ये क्विट आणि प्रिंट दोन्ही कॉन्फिग फाइलीतून बंद. बायॉसला (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड घालून पेन ड्राइव्हवरून बूट बंद. एक गोष्ट हमखास राहते: कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबलं की काळा पडदा येतो. सहा वर्षांचं पोर सगळ्या बटणांवर पंजा मारतं, त्याला हा सापडतोच. मग पीसी बिघडला म्हणून आठ दिवस झाकून ठेवतात. एक्स सर्व्हरच्या (पडद्यावर डेस्कटॉप दाखवणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये त्या काळ्या पडद्यावर जाणं बंद करता येतं.

शहापूर_पेठ
सर, विहिरीला भिऊन पोहणंच बंद केल्यासारखं झालं हे. राउटरवर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) १.१.१.३ घाला, अश्लील आणि धोकादायक साइट बंद होतात, पैसे लागत नाहीत. दोन मिनिटांचं काम. शिवाय नेट नसेल तर अपडेट कुठून आणणार? आणि पाचवीत गेल्यावर तेच पोर एकदम मोबाइलवर उघड्या नेटला भिडणार, त्याचं काय?

खानापूर_लिनक्स
डीएनएस फक्त साइटचं नाव बघतो, आतलं पान नव्हे. यूट्यूब एकतर अख्खं चालू, नाहीतर अख्खं बंद. शिवाय ब्राउझरमधला एनक्रिप्टेड डीएनएस चालू राहिला की राउटरचा फिल्टर बाजूला पडतो. तो एनक्रिप्टेड डीएनएस प्रत्येक पीसीवर ब्राउझरच्या पॉलिसी फाइलीने बंद करावा लागतो. आणि फायबर बंद पडलं की कुणीतरी मोबाइलचं हॉटस्पॉट जोडतंच. तिथं तुमचा राउटर मधे येतोच कुठं?

अपडेट वर्षातून दोनदा, सुट्टीत, पीसीला तेवढ्यापुरती वायर लावून. ज्याला नेटच नाही त्याला रोजच्या अपडेटची निकड नसते.

निपाणी_दुरुस्ती
नेटवर भांडताय, पण मरतो तो पीसी विजेनं. हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाइट पावसाळ्यात खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडं कशी असते ते वेगळं सांगायला नको. डिस्कवर लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टिम बिघडते आणि पुढच्या वेळी पडद्यावर इंग्रजी ओळी येऊन थांबतं. मास्तरांनी काय करायचं?

उपाय म्हणजे ओव्हरलेरूट. मूळ प्रणाली फक्त वाचण्यापुरती, सगळं लिखाण रॅममध्ये. बंद-चालू केलं की पहिल्यासारखं. पण दोन ठिकाणी फसतं. मुलांनी काढलेली चित्रंही पुसली जातात, म्हणून चित्रांचं फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर ठेवायचं. आणि २ जीबी रॅमवर लॉग साठत गेले की दुपारपर्यंत पीसी अडकतो. म्हणून ४ जीबी म्हणतात ते खरं.

नाण्याएवढा सीआर२०३२ सेलही बदला. तो संपला की प्रत्येक बूटला तारीख मागे जाते. मग वेळमर्यादा लावणारा टाइमकेपीआर चुकीचा हिशोब करतो आणि तुमच्या त्या सहामाही अपडेटला चुकीच्या तारखेमुळं साइटची सर्टिफिकेट नाकारली जातात. लोक नेटला शिव्या देतात, दोष सेलचा. दमट हवेत रॅमच्या पट्ट्या काळ्या पडून बीप देत असतील तर विजेची वायर काढून, खोडरबरनं पुसून परत बसवा.

चिकोडी_बहुभाषी
सुरक्षिततेचं ठीक, पण भाषा? इथल्या पोरांना मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं. सगळीकडे इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक) लावा: ज्या कळीवर क, त्याच कळीवर कन्नडचा क; प, त, म तसंच. लिपी बदलली तरी बोटं तीच. फक्त कन्नडच्या ऱ्हस्व ए-ओ च्या कळा वेगळ्या शिकवाव्या लागतात.

शहापूर_पेठ
इथं साफ असहमत. कर्नाटकात सरकारी कामात नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे के. पी. राव यांचा कगप लेआउट (कळांची मांडणी). मुलं मोठी झाली की तोच लागणार. आणि लिनक्समध्ये कगप कन्नडबरोबर मराठीसाठीही तयार आहे, कळफलकाच्या यादीत बघा. इनस्क्रिप्टचा हट्ट कशाला?

चिकोडी_बहुभाषी
कगप रोमन आवाजावर चालतो. ज्याला अजून एबीसीडी येत नाही त्याला के वर क का, हे कसं समजावणार? पाचवीपासून खुशाल लावा.

आणि लोकेल (प्रणालीची भाषा-सेटिंग) मराठीच ठेवा, हिंदी नको. हिंदी ठेवलं की ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, पुस्तकात वेगळे. पहिलीतलं पोर पडद्यावरचा ल ओळखत नाही, तिथं चूक पोराची नसते. 'दऱ्या'मधला ऱ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे वर आहे, तोही दाखवा. नाहीतर सगळे 'दर्या' लिहितात.

अंगणवाडी_विरोधी
पाचच्या आतल्यांना यातलं काहीच नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा दिवसाला तासापेक्षा जास्त नको, कमीच बरा, असं डब्ल्यूएचओनं २०१९ ला सांगितलंय. बिया आणि खडे द्या मोजायला.

खानापूर_लिनक्स
मान्य. म्हणूनच पहिलीपासून म्हटलं. टाइमकेपीआरवर दिवसाला वीस मिनिटं, दोघांत एक पीसी.

भाषेवरही चिकोडीकरांशी सहमत. टक्सपेंटचे शिक्के (चित्रात उमटवायची तयार चित्रं) त्यासाठी सोन्यासारखे आहेत. पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी फाइलीत उसाचं चित्र, त्याच नावाची टेक्स्ट फाइल, तीत मराठीच्या ओळीत 'ऊस', कन्नडच्या ओळीत 'कब्बु'. सोबत ओजीजी फाइलीत आवाज टाकला की शिक्का निवडताच शब्द ऐकू येतो. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर अक्षरांच्या जागी कचरा दिसतो.

निपाणी_दुरुस्ती
आणि दहा पीसीवर क्लोनझिलानं (अख्ख्या डिस्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरनं) प्रत टाकणार असाल तर मूळ प्रत सगळ्यांत लहान डिस्कवरून घ्या. '१२० जीबी' लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्कमध्ये थोडा फरक असतो. मोठीवरची प्रत लहानीवर घेतच नाही, ते शेवटच्या पीसीला कळतं.