अंदमान: 7 वर्षांच्या मुलीला घेऊन नक्की कुठल्या बीचवर पाण्यात उतरायचं?

नाशिकची_सून:
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंदमानला चाललोय, मी, नवरा, लेक (वय 7) आणि सासूबाई. हॅवलॉक बेटावर 3 रात्री, नील बेटावर 1 रात्र. लेक पोहायच्या क्लासला जाते पण तो टँक, समुद्र तिने फक्त गणपतीपुळ्याला गुडघाभर बघितलाय. एजंटने दिलेल्या प्लॅनमधे प्रत्येक बीचपुढे 'स्विमिंग' असं लिहिलंय, कालापथ्थर सकाळी, राधानगर दुपारी 4.30, सीतापूर पहाटे. फोटोत सगळीकडे तेच निळं पाणी, मग फरक कसा कळणार? आणि मगरींचं काहीतरी वाचलं ते खरंय का? सासूबाई तेवढ्यावरूनच म्हणतायत मी रूमवरच बसते, तुम्ही जा.

दोनदा_अंदमान:
ताई, एजंट लोकांना बीच म्हटला की पुढे स्विमिंग लिहायची सवयच असते, मनावर घेऊ नका. आम्ही दोनदा जाऊन आलोय.
कालापथ्थर बघायला सुंदर आहे पण पाण्यात खडक आणि मेलेलं कोरल (प्रवाळ), तिथे नारळपाणी प्या आणि फोटो काढा. पहिल्या वेळी आमचे हे अनवाणी उतरले, टाचेत कोरलचा एवढासा तुकडा गेला, रक्त पाच मिनिटांत थांबलं पण जखम पंधरा दिवस चिघळत होती, शेवटी पुण्यात येऊन डॉक्टरने चिमट्याने काढला. सीतापूर सूर्योदयासाठी, लाटा आणि ओढ दोन्ही असतात, लेकरू घेऊन नको.
राधानगर मात्र डोळे झाकून. पायाखाली नुसती वाळू, उतार हळूहळू, लाइफगार्ड शिट्टी घेऊन उभे असतात, कपडे बदलायला जागा आहे. 2020 ला ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित बीचना देतात ते आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) मिळालाय त्याला. फक्त 4.30 ला नको!! तिथे घड्याळ आपलंच पण सूर्य आपल्या कितीतरी आधी मावळतो, जानेवारीत साडेपाचच्या आत खेळ खलास. तुम्ही पोचून कपडे बदलेपर्यंत लाइफगार्ड सगळ्यांना बाहेर काढायला लागतात, मग पोरगी रडणार. 2 वाजता जा, पाण्यात खेळा आणि सूर्यास्त कोरड्या कपड्यात बघा.

मुरुडचा_बाब्या:
वरच्या ताईंनी बीच सांगितले, मी वेळ सांगतो कारण बीच चांगला की वाईट हे निम्मं भरती-ओहोटीवर असतं. आमची रूम विजयनगर बीचवर होती (5 नंबर म्हणतात), हॅवलॉकच्या पूर्वेचा किनारा. सकाळी पायरीपासून दहा पावलांवर पाणी, मी खूश, म्हटलं जेवून उतरू. जेवून आलो तर समुद्र पार लांब गेलेला, होड्या एका कुशीवर कलंडून चिखलात पडलेल्या आणि मधे सगळा खडक. पोहायचं सोडा, घोटा बुडेना.
आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, तो हिशोब तिथे लावू नका, जागा बदलली की वेळ बदलते. रूमवाल्याला किंवा डायव्हिंगवाल्यांना विचारा, त्यांच्याकडे टाइड टेबल (भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता) असतं. भरती ते ओहोटी साधारण सहा तास आणि रोज वेळ पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, म्हणून एजंटचा छापील टाइम कुणाच्याच कामाचा नाही. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा पाणी जास्त आत-बाहेर करतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा जरा निवांत.
नीलला भरतपूर बीच घ्या, उथळ आहे, मुलांना मजा येते. पण तोही ओहोटीला नको, कोरल वर येतं. आणि जेट स्की चालतात त्या बाजूला मुळीच नको.

विहिरीतला_पोहणारा:
एवढं काय घाबरायचं, आम्ही सातव्या वर्षी डबा बांधून विहिरीत उडी मारायचो. पोहता येत असेल तर समुद्र काही करत नाही

मुरुडचा_बाब्या:
@विहिरीतला_पोहणारा दादा, विहीर ओढून नेत नाही हो. आमच्याकडे दरवर्षी बुडतात त्यातले कित्येक चांगले पोहणारेच असतात. लाटा फुटताना दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे एक गुळगुळीत शांत पट्टा दिसतो ना, लोकांना वाटतं इथे लाट नाही, इथेच उतरू, आणि नेमकं तिथूनच पाणी परत आत जात असतं. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत बसायचं नाही, दमून जाल. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर आडवं सरका आणि ओढ सुटली की मग बाहेर या.

खाडीकाठी:
मगरींचं खरंय, उगाच नाही म्हणू नये. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेतच, कांदळवन आणि खाडीच्या तोंडाशी त्यांचं घर. पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरला इशाऱ्याचे बोर्ड आहेत. राधानगरच्याच टोकाला नील्स कोव्ह नावाचा शांत लगून (आडोशाचं उथळ पाणी) आहे, 2010 मधे तिथे स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं) करणारी एक अमेरिकन तरुणी मगरीच्या हल्ल्यात गेली. आता तिकडे पाण्यात उतरू देत नाहीत, पण पाणी इतकं छान दिसतं की लोकांचे पाय वळतातच. तुम्ही मधल्या भागात, लाइफगार्डच्या समोर राहा. नाला समुद्राला मिळतो ती जागा टाळा आणि पहाटे किंवा अंधार पडताना पाण्यात नको, एवढं पाळलंत तर सासूबाईंनाही न्या बिनधास्त.

नाशिकची_सून:
खूप खूप थँक्यू सगळ्यांना! एजंटला फोन केला, राधानगर दोन दिवस दुपारी 2 ला घेतलंय, सीतापूर फक्त सूर्योदय. भरतपूरची वेळ तिथे गेल्यावर विचारून ठरवू. सासूबाईंना खाडीकाठी यांचं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मी वाळूत खुर्ची टाकून बसेन, मगर आली तर तुम्हाला हाक मारते 😄 एलिफंट बीचला लेकीला स्नॉर्केलिंग जमेल का? आणि पाण्यातले बूट इथूनच घेऊ?

दोनदा_अंदमान:
एलिफंट बीचला गाइड ट्यूबवर धरून नेतो, लाइफ जॅकेट तिच्या मापाचं आहे का ते बोटीत बसायच्या आधीच बघा, मोठ्यांचं असेल तर गळ्याशी वर सरकतं. बूट इथूनच घ्या, आणि मुलांचे आपण वाढत्या अंगाचे घेतो ना तसे घेऊ नका, सैल बूट पहिल्या लाटेत निघून जातो, आमचा एक अजून तिकडेच आहे.