जिन्यातलं पत्र

ए-304, आर्याची आई: शाळेने 80 मिनिटांच्या तासिका करू नयेत म्हणून जिन्यात जे पत्र लावलंय, त्याखाली ‘समस्त रहिवासी’ लिहिलंय. मला कोणी विचारलं? माझा 80 मिनिटांच्या तासिकेला विरोध नाही.

बी-102, नाना: एक दिवस दांडी पडली तर दुप्पट बुडतं. वाशिष्ठी नदी चढली, एसटी बंद झाली, मग?

ए-201: 80 मिनिटं गणित! आमचा चिरंजीव 35 मिनिटांतच पेंगतो 😀

आर्याची आई: गेल्या आठवड्यात आर्याचा भिंगाचा प्रयोग होता. मेणबत्ती पेटवली, पडदा पुढेमागे करता करता ज्योतीची उलटी प्रतिमा जरा कुठे स्पष्ट दिसली आणि घंटा झाली. अंतर मोजायचं राहिलंच. आकडे फळ्यावरून उतरवले. बोर्डाला बसणारी मुलगी, घरी येऊन रडली.

बी-203, बाई: अमेरिकेत पुष्कळ हायस्कुलांत दिवसाला चारच विषय असतात, साधारण 90 मिनिटांचे. आपल्या 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही जोड तासिका आहेत. पण 80 मिनिटं नुसता फळा भरला तर मुलांचे हाल. 15-20 मिनिटं शिकवावं, मग मुलांना हाताने करू द्यावं, चुकू द्यावं. तीस वर्षं शिकवलं, तेवढा वेळ मला कधी मिळाला नाही. मात्र गणित-इंग्रजीला रोजचा सराव लागतो, एक दिवसाआड केलं की सवय मोडते. ते रोजच ठेवायला सांगा.

नाना: दांडी पडली तर दुप्पट बुडतं.

सी-101: पंप कोणी बंद केला? टाकी रिकामी आहे.

ए-201: सेक्रेटरींना विचारा, ते पत्रलेखनात आहेत 😀

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक बोलू नये. पत्र मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं. यायचं नाही आणि मग ग्रुपवर बोलायचं.

आर्याची आई: दुपारी 3 ला मी ड्युटीवर असते. गणपतीच्या वर्गणीच्या वेळेपासून सांगतेय.

बाई: नानांचं म्हणणं खोटं नाही हं. वाड्यांवरून एसटीने येणारी मुलं जुलैत किती दिवस पोचतात? त्यांचंच जास्त बुडणार.

नाना: सकाळपासून तेच सांगतोय. दुप्पट बुडतं.

आर्याची आई: मग विरोध कशाला, तेच मागू या ना. ज्यांचे तास बुडले त्या मुलांना शनिवारी तास आणि गणित-इंग्रजी रोज. ‘समस्त रहिवासी’ खोडा, मी पहिली सही करते.

नाना: मसुदा पाठव गो. दांडीचा मुद्दा एक नंबरला.

सी-101: पंप??