सिकलसेलचा ‘वाहक’: हा शब्द पत्रकात ठेवावा का?

प्रश्न: नमस्कार. गावातल्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी शिबिरासाठी एक पानी पत्रक लिहायला बसले आहे. पाठ्यपुस्तकात ‘दात्रपेशी पांडुरोग’ असा शब्द सापडला. तोच घेऊ का? ‘जनुक’ लिहू की ‘जीन’? आणि ‘वाहक’ चालेल ना?

उत्तर: ताई, ‘दात्रपेशी’ नको. ‘दात्र’ म्हणजे विळा, संस्कृतातल्या कापणे या अर्थाच्या ‘दा’ धातूपासून आलेला शब्द. पण वाचणाऱ्याला तो ‘दाता’सारखा वाटतो. आमच्याकडे एका आजोबांनी ‘रक्तदात्याच्या पेशी का?’ असं विचारलं होतं. सरळ ‘सिकलसेल’ लिहा आणि पुढे एक वाक्य घाला: तांबडी पेशी विळ्यासारखी, आपल्याकडे म्हणतात तशी इळ्यासारखी, वाकते. इळा हातात धरलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

‘जनुक’ ठेवा. ‘जीन’ म्हटलं की पोरांना पँट आठवते. मात्र ‘जनुक बिघडलं’ असं लिहू नका, ‘बदललं’ लिहा. बदल आहे तरी केवढा? ११व्या गुणसूत्रावरच्या एचबीबी या जनुकात ‘जीएजी’ या डीएनएच्या तीन अक्षरांच्या जागी ‘जीटीजी’, म्हणजे एकच अक्षर वेगळं. एचबीबी हे जनुकाचं नाव; त्यावरून जे प्रथिन बनतं ते बीटा ग्लोबिन, हिमोग्लोबिनचा एक भाग. ही दोन नावं एकमेकांच्या जागी वापरू नका. बीटा ग्लोबिन म्हणजे १४६ अमिनो आम्लांची साखळी. त्या एका अक्षरामुळे तिच्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. मग ऑक्सिजन सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि पेशी वाकते.

खरी अडचण ‘वाहक’ची आहे, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच बदललेलं जनुक आलेल्या माणसासाठीच्या शब्दाची. आपल्या भिंतींवर वर्षानुवर्षं लिहिलंय, ‘डास हा हिवतापाचा वाहक’. तोच शब्द पोरीच्या तपासणीच्या कागदावर दिसला की लोकांना वाटतं, हिच्यापासून लागण होईल. मी अशा एका मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडताना पाहिलंय. ती स्वतः ठणठणीत होती. अन् ज्याच्याकडे बदललेलं एकच जनुक असतं, त्याला तीव्र हिवतापापासून उलट बरंच संरक्षण मिळतं!

प्रश्न: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण ‘बदललेलं एक जनुक असलेली व्यक्ती’ फार लांबलचक होतं, दादा.

उत्तर: होतं खरं. म्हणून ‘एएस’ लिहा. शिबिरं झालेल्या गावांत लोक आपणहून ‘माझा एएस पॅटर्न निघाला’ असं म्हणतात. सरकारी कागदावर ‘वाहक’ छापलेलं येणारच, तेव्हा पहिल्यांदा ‘एएस (वाहक)’ लिहून खाली ठळक अक्षरात सांगा: हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा डासाने पसरत नाही, आईवडिलांकडूनच येतो. ‘रुग्ण’ हा शब्द एसएससाठीच, म्हणजे दोघांकडूनही बदललेलं जनुक आलेल्यांसाठीच ठेवा.

अजून एक. दोघंही एएस असतील तर ‘चार मुलांपैकी एकाला आजार’ असं लिहू नका. पहिलं मूल एसएस निघालं की पुढची तिन्ही सुटली, असा हिशोब लोक करतात. ‘प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता’ असं लिहा, आणि ‘प्रत्येक’ शब्दाखाली रेघ ओढा.