सोफ्यामागचा खजिना : कुत्रा आणि फेरेट एका घरात, तुमचे अनुभव सांगा

आज झाडताना सोफा सरकवला. मागून निघाले चार मोजे (एकाचीही जोडी नाही), एक चावी, रिमोटचं कुरतडलेलं रबरी बटण आणि आमच्या मोतीचा लहानपणचा चेंडू. या चेंडूसाठी तेव्हा घर पालथं घातलं होतं. चोर कोण ते आज कळलं : आमची फेरेट (मुंगसासारखा लांबुडका पाळीव प्राणी) गुंडी. तिला जाऊन दोन वर्षं होतील. मोतीने चेंडू हुंगला, तोंडात काही धरला नाही, तिथेच बसून राहिला.

पहिल्या दिवशी गुंडी पाऊण किलोची, मोती तीस किलोचा. ही पाठीची कमान करून, तोंड वासून, आडव्यातिडव्या उड्या मारत भिंतीवर आपटायला लागली. आम्हाला वाटलं पिसाळली. फेरेट खुशीत असला की असाच नाचतो, हे नंतर समजलं. तोवर मोती पलंगाखाली! तुमच्याकडे कोणी नमतं घेतलं?

झोपमोड : मी तर आमचा फेरेट मेला म्हणून रडले होते!! उचलला तर मान लोंबतेय, हलवलं तरी हूं नाही की चूं नाही. कुत्रीने कान चाटला तेव्हा कुठे साहेबांनी जांभई दिली. दिवसाचे १४ ते १८ तास झोपतात हो. बाळ उठलं, बाकीचं नंतर

अर्धवटराव : १८ तास? पुढचा जन्म ठरला.

खारूताई : ते रबरी बटण वाचून पोटात गोळा आला. आमच्याने चपलेचा तुकडा गिळला, आतडं तुंबलं, ऑपरेशन करावं लागलं. वाचला. कुत्र्याची रबरी खेळणी त्याच दिवशी घराबाहेर गेली, कुत्रा महिनाभर रुसला.

जुनं खोड : आमचं नाही जमलं. कुत्रा टेरियर होता. ज्यांची पैदासच उंदीर-घुशींमागे बिळात घुसायला झाली, त्याला काय शिकवणार? सहा वर्षं दोन खोल्या, मधे बंद दार. दाराच्या फटीतून दोघं एकमेकांना हुंगायचे, तेवढीच मैत्री.

खारूताई : बरोबर केलंत काका. उगाच प्रयोग नकोत.

दोनशेपट्या : लसीचं कुणीच बोललं नाही? कुत्र्यांचा डिस्टेंपर (विषाणूचा आजार) फेरेटला झाला तर तो जवळजवळ कधीच वाचत नाही. दोघांनाही लस हवी. आणि आपला फ्लूही त्यांना होतो! मी तापाने पडलो, चौथ्या दिवशी पिंजऱ्यातून शिंका. माझ्यापेक्षा जोरात.

मोकळा श्वास : फेरेटच्या वासाचा विषय अजून निघाला कसा नाही? दर आठवड्याला आंघोळ घालायचो, वास वाढतच चालला. डॉक्टरीणबाई हसल्या. साबणाने अंगचं तेल गेलं की त्वचा आणखी तेल सोडते म्हणे. आता फक्त अंथरूण धुतो. कुत्र्याला मात्र तोच वास प्रिय, त्याच अंथरुणात लोळतो.

अर्धवटराव : अंथरूण मशीनमध्ये टाकता? केस अडकत नाहीत?

मोकळा श्वास : आधी बाहेर झटकायचं, मग उशीच्या अभ्र्यात भरून गाठ मारायची.

अर्धवटराव : मांजरीसाठी करून बघतो. धन्यवाद.

झोपमोड : आले. काय सांगत होते? हां, आमची कुत्री त्याचा वाडगा फस्त करायची, निव्वळ मांस ना! त्याला तर दर तीन-चार तासांनी भूक. शेवटी वाडगा पिंजऱ्याच्या वरच्या मजल्यावर गेला. ती खाली बसून लाळ गाळते.

सोफ्यामागची (धागाकर्ती) : मोतीने आत्ता चेंडू उचलला आणि परत सोफ्यामागेच नेऊन ठेवला. आता सोफा जागेवर सरकवू की नको?