समीक्षकांनी धुतलेला पण आपल्याला आवडलेला (किंवा उलट) देशी-विदेशी मारधाड कॉमेडी पिक्चर: इंदूरकरांनो, लिहा अनुभव

मंडळी, विषय काढायचं कारण म्हणजे रविवारी पोहे-जलेबी खाता खाता आमच्या घरात झालेलं भांडण. भाचा म्हणे जॅकी चॅनच्या 'रश अवर'ला समीक्षकांचे साठच्या आसपास टक्के आहेत म्हणजे जेमतेम पास, आणि आमचे हे म्हणे असला पिक्चर परत होणे नाही. तर दोन देशांचे दोन नमुने एकत्र येऊन हाणामारी आणि हसवाहसवी करतात अशा पिक्चरांचे तुमचे अनुभव सांगा. स्टोरी सांगू नका, ती कोणालाच आठवत नसते. कुठे बघितला, कोणासोबत, आणि रिव्ह्यू वाचून गेला होतात का, ते लिहा.

रामबागकर
मी पहिला. 'रश अवर' १९९८चा पिक्चर, पण आम्ही बघितला बऱ्याच नंतर, केबलवर, हिंदी डब. आमचे बाबा म्हणजे नाट्यसंगीत आणि इथल्या सानंद संस्थेची नाटकं सोडून बाकी सगळं थिल्लर मानणारे, ते पेपर बाजूला ठेवून बघत बसले होते. शेवटी प्रदर्शनात मारामारी चालू असते आणि जॅकी चॅन एकीकडे लाथा मारतोय, दुसरीकडे मोठाल्या चिनी फुलदाण्या पडू नयेत म्हणून त्या सावरतोय, तिथे बाबा आईला हाक मारून म्हणाले, "अगं ये, हा बघ, तुझ्यासारखाच, भांडतानाही कपबशा सांभाळतो." समीक्षकांनी कथा घिसीपिटी आहे म्हटलं होतं, आहेच ती, पण त्या फुलदाण्यांचे मार्क कोण देणार? राग एकच, शेवटी नावं सरकताना शूटिंगमधल्या चुका दाखवतात तो खरा मजेचा भाग, आणि केबलवाला नेमका तिथेच जाहिराती लावायचा.

सराफ्याचं घुबड
भाच्याला सांगा की ते टक्के म्हणजे मार्क नाहीत. किती समीक्षकांना पिक्चर बरा वाटला त्याचा तो आकडा. सगळ्यांना "ठीकठाक, बघायला हरकत नाही" वाटला तरी शंभर टक्के येतात, आणि निम्म्यांनी डोक्यावर घेतला, निम्म्यांनी आपटला तर पन्नास. आणि गंमत म्हणजे हे टक्के काढणारी रॉटन टोमॅटोज ही वेबसाइटच जॅकी चॅनमुळे निघाली भिया! सेन्ह डुआँग म्हणून त्याचा एक फॅन, जॅकीच्या हाँगकाँगच्या पिक्चरांचे अमेरिकेतले रिव्ह्यू गोळा करायचा, 'रश अवर' येणार म्हणून त्याने ऑगस्ट १९९८मध्ये साइट सुरू केली.

छप्पनवाली
मला उलटा अनुभव. २०१७ला 'कुंग फू योगा' बघायला आमचा योगा क्लासचा ग्रुप मॉलमध्ये गेला, नावात योगा म्हणून, बाकी काही चौकशी नाही. हॉलमध्ये आम्हीच. दुबईत गाडीच्या मागच्या सीटवर सिंह, मग भारत आला तर बाजारात साप आणि जादूवाले, आणि शेवटी हाणामारी सोडून हीरो-व्हिलन सगळे मिळून नाचायला लागले, फराह खानने बसवलेला नाच. आमच्या टीचर म्हणाल्या यात योगा कुठंय? इथल्या रिव्ह्यूवाल्यांनी धू धू धुतला आणि इथे तो चाललाही नाही. पण चीनमध्ये नववर्षाच्या सुट्टीत लागला आणि १७० कोटी युआनच्या वर कमावले. घरातल्या लहानथोरांना घेऊन सणाला जायचा पिक्चर तो, तिथे सिंह चालून गेला. आपण आपला देश बघायला गेलो आणि साप बघून आलो, राग येणारच ना.

पिथमपूर जनरल शिफ्ट
जरा वेगळं लिहितो, रागावू नका. आमच्याकडे मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आले होते, भला माणूस, शेव बघितली की खूश. कँटीनमध्ये त्यांच्यासोबत मोबाइलवर 'रश अवर'चे तुकडे बघितले. चिनी माणसावरच्या जोकला आम्ही खदाखदा, ते शांत. जॅकी खुर्ची-शिडी-भिंत वापरून निसटला की मात्र ते टाळ्या पिटायचे. म्हणाले त्याचे जुने बघा, इथे फाइट फार कमी आहे. मग वाचलं की जॅकीलाही हा पिक्चर तितकासा आवडला नव्हता, अमेरिकन लोक कशाला हसतायत तेच कळेना म्हणे. २००७च्या तिसऱ्या भागाला समीक्षकांनी फाडलं, टक्के वीसच्या खाली, त्यात तेच ते जोक ही एक तक्रार होती. मला ती पटली. आपल्याकडे कोणी 'मराठी म्हणजे कंजूस' म्हणून तीन पिक्चर काढले तर बघू किती हसतो ते.

रामबागकर
@पिथमपूर, पटलं. पण त्यात जॅकीच्या अमेरिकन जोडीदाराच्या, क्रिस टकरच्या बडबडीचीही तितकीच उडवलीय ना?

पिथमपूर जनरल शिफ्ट
उडवलीय, म्हणून पहिला चालतो. तिसऱ्यात दोघंही थकलेले दिसतात.

जुनी इंदौरची सूनबाई
'चांदनी चौक टू चायना' आठवतो का कोणाला? जानेवारी २००९, संक्रांतीच्या आठवड्यात लागला होता, सासूबाईंना अक्षयकुमार आवडतो म्हणून सगळं घर गेलं. बटाट्यात गणपती दिसतो तिथे सासूबाईंनी चक्क हात जोडले, नंतर तासभर झोपल्या. समीक्षकांनी लांबलचक आणि पकाऊ म्हटलं, मला त्यात काही चूक दिसत नाही. नेपाळात तर त्यावर बंदी आली होती, बुद्धाचा जन्म भारतात झाला असं काहीतरी त्यात होतं म्हणून. पण माझे दीर जुन्या कुंग फू पिक्चरांचे वेडे, त्याच पिक्चरांतल्या, इथे व्हिलन झालेल्या गॉर्डन लिऊला बघायला ते परत एकटे गेले. त्यांचं म्हणणं, समीक्षकांना माहीतच नाही समोर कोण उभा आहे.

सराफ्याचं घुबड
दीर माझ्या जातीचे!! त्यांना 'शांघाय नून' दाखवा, २०००चा, जॅकीचाच, काउबॉयवाला. समीक्षकांचे ऐंशीच्या आसपास टक्के, आणि धंदा सुमारे १० कोटी डॉलर. जेमतेम पास 'रश अवर'चा २४ कोटींच्या वर.

छप्पनवाली
आमच्याकडे पिक्चर कसा आहे ते सासरे सकाळी जयप्रकाश चौकसेंचं पेपरातलं 'परदे के पीछे' हे सदर वाचून ठरवायचे. चौकसे पिक्चरवरून कुठे राजकारणात, कुठे राज कपूरच्या आठवणीत जायचे, स्टार-बिर द्यायची भानगडच नाही. २०२२मध्ये ते गेले. आता सासरे आम्हाला विचारतात, आम्ही मोबाइलला विचारतो.

रामबागकर
धागाकर्त्या ताई, भांडणाचा निकाल काय लागला ते तर सांगा.

धागाकर्ती
निकाल कसला, भाच्याने रात्री लावला आणि फुलदाण्यांच्या सीनला दोघंही हसत होते. आता दुसऱ्या भागावरून जुंपलीय, ह्यांना तो पहिल्यापेक्षा भारी वाटतो. त्यावर कोणाचं काय मत?