नातेवाइकांच्या दारात गाडी लावून गाडीतच झोपणं: सोय की परकेपणा?

मुक्कामपोस्ट

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन एकटीने लांब निघायचं आणि वाटेत लागतील त्या नातेवाइकांना भेटत पुढे जायचं, असा प्रवास मला मनापासून आवडतो. त्यावरून आमच्या घरातच दोन तट पडलेत, म्हणून विषय इथे काढते. माझं म्हणणं असं: भेटायला जावं, दिवसभर त्यांच्यात राहावं, रात्री झोपायला मात्र आपल्या गाडीत यावं. बऱ्याच भेटी माणसांमुळे बिघडत नाहीत, मुक्कामामुळे बिघडतात. कुणीतरी स्वतःची खोली सोडून हॉलमध्ये झोपतं. सकाळी बाथरूमपाशी रांग लागते. यजमान पहाटे उठणारे असले तर पाहुणा जांभया देत बसतो, उशिरा उठणारे असले तर बिचारा आवाज न करता अंथरुणात पडून राहतो. आणि सगळे एकमेकांना "छे, कसला त्रास!" म्हणत राहतात.

अंथरूण गाडीत असलं की हे सगळं टळतं. ज्या भाच्याकडे एकच खोली आहे तो एरवी बोलवायलाच कचरतो, त्याच्याकडेही जाता येतं. ज्या काकांशी फारसं पटत नाही त्यांच्याकडे संध्याकाळपुरतं डोकावता येतं. मुक्काम करावा लागला असता तर मी तिकडे फिरकलेच नसते. शिवाय दोन घरांच्या मध्ये माझे एकटीचे तास मिळतात. ते मिळाले नाहीत तर पुढच्या घरी मी चिडचिडी होऊन पोचते.

विरोधी मतं हवीच आहेत. फक्त "बाईने एकटीने कशाला" एवढंच म्हणायचं असेल तर ते घरी ऐकून झालंय.

उंबरठा

घ्या विरोधी मत. माझी धाकटी बहीण अशीच येते. मी दोन दिवस आधी खोली आवरते, चादरी बदलते, आणि ती आल्या आल्या सांगते, "ताई, मी गाडीतच झोपणार गं, तू काही करू नकोस." ती संकोचाने म्हणते हे मला कळतं. पण मला काही करायचंच असतं ना! आमच्या दोघींचं खरं बोलणं सगळे झोपल्यावर सुरू होतं, आणि नेमकी त्याच वेळी ती टॉर्च घेऊन अंगणात चालू लागते. दिवसभर मग काय, मुलं, फोन, कामं, येणारेजाणारे.

दुसरं म्हणजे त्रास होईल की नाही, हे पाहुण्याने परस्पर कसं ठरवायचं? तुमच्या भाच्याला जमिनीवर गादी टाकून झोपण्यात कदाचित आनंदच असेल. त्याला तशी संधीच दिली नाहीत तुम्ही.

गणिती_बाक

भावनांचं तुमचं चालू द्या, मी जरा यंत्राचं बोलतो. "कुणावर भार नको" हे वाक्य बॅटरी आणि टाकी भरलेली असेपर्यंतच खरं असतं.

शंभर अँपिअर-अवरची १२ व्होल्टची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी घ्या. कागदावर १२०० वॉट-अवर. ती टिकावी असं वाटत असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. उन्हाळ्यात छोटा कॉम्प्रेसर फ्रिज एकटाच दिवसाला ४०० ते ६०० खातो. गाडी चालत असताना इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर बॅटरी भरतो, पण तुम्ही तर मावशीच्या दारात उभ्या आहात. छतावर सोलर असेल, पण मावशीने मायेने गाडी झाडाच्या सावलीत लावायला सांगितलेली असते. पाण्याची टाकी ८० लिटरची धरली आणि काटकसरीने रोज १५-२० लिटर वापरलं, तर चार-पाच दिवस जातील.

म्हणजे मुक्काम जरा लांबला की घरातून वायर, बागेतला नळ आणि घरातलं बाथरूम, तिन्ही मागावं लागतं. भार गेला नाही, बेडरूममधून अंगणात आला.

आणि वायर घेतलीत तर रिळावरची सगळीच्या सगळी उलगडून टाका. फ्रिज किंवा हीटरसारखा भार असताना वायर रिळावर गुंडाळलेली राहिली तर उष्णतेला बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि आवरण वितळू शकतं. लोक पाच मीटर लागते म्हणून पाचच मीटर ओढतात.

तिसरीघंटी

कुणी बोलत नाही ते मी बोलतो. आमच्या नात्यातल्या एका कॅम्परव्हॅनवाल्यांना ज्यांच्या घरापुढे मोकळी जागा आहे त्यांचीच आठवण येते. फ्लॅटमध्ये राहणारे सख्खे भाऊ त्यांच्या नकाशावर नाहीत. फुकट पार्किंग, फुकट वीज, फुकट पाणी, वर "आम्ही कसे स्वावलंबी" म्हणून फोटो.

मुक्कामपोस्ट

@तिसरीघंटी, असे लोक आहेत. ते बिनव्हॅनचे असते तरी कुणाच्या तरी घरी फुकट राहिलेच असते.

@गणिती_बाक, हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष पटला नाही. एक सॉकेट मागणं आणि कुणाला त्याच्या पलंगावरून उठवणं यात फरक आहे. वायर माझी मी आणते, पाण्याचा पाइपही. तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, ती मी लिहिते, कारण यजमानाला खरा फटका तिथे बसतो: शौचालयाची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी काढती पेटी. १५-२० लिटरची ती पेटी एकट्या माणसाचीही काही दिवसांत भरते आणि मग "तुमच्याकडे रिकामी करू का" असं विचारलं जातं. घराला सेप्टिक टँक असेल तर आधी पाहायचं की आपण पेटीत कोणतं रसायन घातलंय. फॉर्मल्डिहाइड असलेलं असेल तर ते टाकीतले, मैला कुजवणारे जिवाणूच मारतं. आपण पुढच्या गावी निघून जातो आणि टाकी तुंबते यांची. मी ते रसायन वापरतच नाही, आणि शक्यतो पेटी वाटेतल्या अधिकृत ठिकाणीच रिकामी करते. साबणाचं पाणीही कुणाच्या झाडांना घालत नाही.

@उंबरठा, तुमच्या प्रतिसादावर विचार करतेय. रात्रीच्या गप्पांचं खरं आहे. पण गप्पा संपल्यावर टॉर्च घेऊन जाता येतंच की.

उंबरठा

नाही येत. उठून बाहेर जायचंय हे डोक्यात असलेलं माणूस सारखं घड्याळ बघतं.

रात्रपाळी

झोपायचं कुठे यावर एवढी चर्चा झाली, पण तिथवर पोचायचं कसं याबद्दल कुणी बोललं नाही. मी अनेक वर्षं रात्रीची गाडी चालवली आहे. एकट्याने व्हॅन चालवत नातेवाइकांकडे जाण्यात मला सगळ्यांत धोक्याचं काय वाटत असेल तर ते म्हणजे समोर वाट पाहणारी माणसं. एकटा भटकणारा दमला तर थांबतो, कारण त्याला कुठे वेळेवर पोचायचं नसतं. तुम्हाला मात्र आत्या जेवायची थांबलेली असते. "आता शंभरच किलोमीटर राहिलेत" असं म्हणून माणूस रेटत राहतो, आणि शेजारी स्टिअरिंग घ्यायला कुणी नसतं.

१९९७ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं होतं. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम करण्याचं कौशल्य, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरलेलं दिसलं. अनेक देशांत तेवढ्या अल्कोहोलवर गाडी चालवणं गुन्हा आहे. आता हिशेब करा: सकाळी सहाला उठलात, एका घरी दुपारपर्यंत निरोप लांबला, मग निघालात आणि रात्री अकराला दुसऱ्या घरी. झाले १७ तास. दारू न पिता.

काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, याने झोप जात नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं डोळे मिटणं हाच उपाय. म्हणून एका दिवसात दोन घरं जोडूच नयेत असं माझं ठाम मत आहे.

मुक्कामपोस्ट

@रात्रपाळी, पूर्ण सहमत, पण हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. ट्रेनने किंवा साध्या गाडीने जाणाऱ्याला त्या रात्री त्या घरी पोचावंच लागतं, कारण पलंग तिथे असतो. माझा पलंग मागच्या बाजूला आहे. दमले की रात्रभर थांबायची परवानगी असलेल्या जागी थांबते आणि सकाळी जाते. मी कुणालाच वेळ सांगत नाही, फक्त दिवस सांगते, आणि पहिलं जेवण कधीच ठरवत नाही.

उंबरठा

आणि दिवस सांगितल्यावर आम्ही काय करायचं? मी रात्री दहापर्यंत खिडकीशी असते. "येईन तेव्हा येईन" ही मोकळीक तुमची, काळजी आमची.

मुक्कामपोस्ट

लोकेशन शेअर करते ना. पण एकाच माणसाला. पूर्ण कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं की गाडी पेट्रोल पंपावर उभी राहिली तरी चार फोन येतात, "का थांबलीस?" म्हणून.

रिव्हर्सगियर

एक व्यवहारी गोष्ट. उंच छताची व्हॅन साधारण २.६ ते २.८ मीटर असते. नातेवाईक सांगतात, "आमच्या फाटकातून ट्रकसुद्धा जातो." जात नाही. आधी फाटकाचा, वरच्या कमानीचा आणि झाडाच्या फांदीचा फोटो मागवा. जमीन तिरकी असेल तर गॅसवरही चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज नीट थंड करत नाही, त्याला सपाटी लागते. आणि आत जागा नाही म्हणून बाहेर रस्त्यावर उभं राहायचं असेल तर गाडीत झोपायला तिथे मनाई आहे का हे यजमानालाच विचारायला सांगा. तक्रार शेजारी करतात आणि संबंध बिघडतात ते यजमानाचे.

उंबरठा

थंडीचं कुणीतरी सांगा. बाहेर कडाका असताना बहीण दारात पत्र्याच्या गाडीत आणि मी आत दुलईत. तिला लागत असेल झोप, मला लागत नाही.

गणिती_बाक

चांगली बांधलेली गाडी घराइतकीच उबदार राहते. बंदिस्त ज्वलनाचा, धूर बाहेर सोडणारा हीटर असला की पुरतो. गॅसवर चालणारा असेल तर सिलेंडरमध्ये काय आहे ते बघा. ब्युटेनचं शून्य अंशाच्या आसपास बाष्प होणं थांबतं, त्यामुळे कडक थंडीत शेगडीही पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत काम करतं. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते.

पण उंबरठाताई, एक विनंती तुम्हालाच. मायेपोटी बहिणीला कोळशाची शेगडी किंवा उघड्या ज्योतीचा गॅस हीटर गाडीत नेऊन देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत शुद्ध जाते. स्वयंपाकाची शेगडी उबेसाठी पेटवायची नाही, आणि त्या वायूचा अलार्म गाडीत हवाच. द्यायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या.

कोपऱ्यातली_खोली

वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठा असेन. यजमानाच्या बाजूने लिहितो, पण उंबरठाताईंच्या विरुद्ध.

आमच्या घरात आजारपण आहे. पत्नी अंथरुणाला खिळून आहे, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, दिवे लागतात, आवाज होतात. पाहुण्याला कुठे झोपवायचं, त्याची झोप मोडेल का, या विचाराने मी लोकांना "या" म्हणायचं सोडून दिलं. त्यांनीही विचारणं सोडलं, आमच्या भल्यासाठीच. माणसं तुटली ती अशी, भांडण न होता. मग पुतणी तिची व्हॅन घेऊन आली. दारात गाडी लावली, आत येऊन काकूच्या उशाशी बसली, मला म्हणाली, "काका, तुम्ही चक्कर मारून या." रात्री ती तिच्या गाडीत गेली आणि आम्ही आमच्या नेहमीच्या क्रमाने झोपलो, उठलो. मला काही करावं लागलं नाही. तिला घरात झोपायचा आग्रह मी केला नाही, आणि तिने माझी पंचाईत केली नाही.

ज्यांना पाहुणचार करायची ताकद आहे त्यांचा मान राखायचा, हे ठीक. ज्यांना ती राहिलेली नाही अशीही घरं असतात.

उंबरठा

@कोपऱ्यातली_खोली काका, तुमच्या घरापुरतं निमूट मान्य. तुमच्या पुतणीने योग्यच केलं.

पण माझ्या घरात आजारपण नाही. खोली रिकामी आहे, चादरी धुतलेल्या आहेत. तिने तुमच्याकडे परिस्थिती पाहून गाडी निवडली. माझी बहीण न पाहताच निवडते, निघायच्या आधीच. माझं भांडण तेवढ्यापुरतं आहे. आल्यावर विचारा ना, "मी कुठे झोपू?"

मुक्कामपोस्ट

विचारलं तर कुणीही "गाडीत झोप" म्हणणार नाही. काकाही म्हणाले नसते.

उंबरठा

काकांकडे विचारायची गरजच नव्हती, दिसत होतं. बाकीच्यांकडे विचारल्यावर जर सगळेच "घरात ये" म्हणणार असतील, तर मिळालं की उत्तर.

मुक्कामपोस्ट

ते उत्तर नव्हे, रीत आहे. तेच म्हणावं लागतं म्हणून म्हणतात. माझा भाचाही म्हणेल, आणि रात्रभर फरशीवर तळमळेल.

उंबरठा

तळमळू दे. तरुण आहे तो.